अंगवळणी आणि अंगभान : भौतिकोपचाराच्या दृष्टीतून शरीराचा अभ्यास

विषयप्रवेश

एखादी गोष्ट आपण पुन्हा पुन्हा करू लागलो, की ती 'अंगवळणी पडली' असे आपण म्हणतो. सायकल चालविणे, भाकरी थापणे, बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चालणे या साऱ्या क्रिया सुरुवातीस मनाने शिकाव्या लागतात. पुढे मन त्यांतून अंग काढून घेते आणि शरीर त्या परस्पर करू लागते. ही निसर्गाची मोठीच सोय होय. प्रत्येक पाऊल विचार करून टाकावे लागले असते, तर मनुष्याला दुसरे काहीच सुचले नसते.

परंतु या सोयीची एक दुसरीही बाजू आहे. चांगली सवय जशी अंगवळणी पडते, तशीच वाईट सवयही पडते. एका खांद्याला पिशवी अडकवून वाकडे चालणे, वाचताना मान पुढे काढणे, दुखऱ्या गुडघ्याला जपण्यासाठी लंगडणे आणि गुडघा बरा झाल्यावरही लंगडत राहणे, हे सारे आपल्या नकळत घडते. आपण मानसशास्त्राच्या तासाला सवयींचा अभ्यास करतो, तो बहुधा मनाच्या सवयींचा असतो. शरीराच्या सवयींचा अभ्यास करणारे आणि त्या बदलू पाहणारे एक शास्त्र आहे. त्याला भौतिकोपचार, किंवा सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दात सांगायचे तर फिजिओथेरपी, असे म्हणतात. शेकणे, विजेचे झटके देणे आणि व्यायामाचा तक्ता हाती ठेवणे म्हणजे फिजिओथेरपी, असा आपल्याकडे समज आहे. प्रस्तुत लेखात मला या शास्त्राचा एक निराळा भाग मांडावयाचा आहे. तो म्हणजे आपल्या शरीराचे भान वाढविणे आणि त्या भानातून हालचालींचा दर्जा सुधारणे.

भान म्हणजे काय?

डोळे मिटून उजव्या हाताचे बोट नाकाच्या शेंड्याला लावून पाहावे. बोट बरोबर नाकावर जाते. हात कोठे आहे हे डोळ्यांनी पाहिले नाही, तरी ते कळले. हे ज्ञान देणारी ज्ञानेंद्रिये स्नायूंमध्ये, स्नायूबंधांमध्ये आणि सांध्यांमध्ये दडलेली असतात. स्नायू किती ताणला आहे, सांधा किती वळला आहे, कंडरेवर किती जोर पडत आहे, याची वार्ता ती क्षणोक्षणी मेंदूला कळवीत असतात. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या संवेदनेला 'प्रोप्रिओसेप्शन' असे नाव दिले. मराठीत तिला स्वस्थितिसंवेदना म्हणता येईल. कानाच्या आतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि तळपायाची त्वचा यांची तिला जोड मिळते आणि या सर्वांच्या मेळातून आपला तोल सांभाळला जातो. पुढे १९११ मध्ये हेन्री हेड व गॉर्डन होम्स यांनी असे मांडले, की मेंदू आपल्या शरीराचा एक आराखडा सतत जवळ बाळगतो आणि प्रत्येक हालचालीनुसार त्यात दुरुस्ती करीत राहतो.

हे भान नाहीसे झाले तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इयान वॉटरमन हा १९ वर्षांचा इंग्रज तरुण. १९७१ मध्ये त्याला एक ताप आला आणि त्यानंतर मानेखालच्या शरीराची स्पर्शाची व स्वस्थितीची संवेदना कायमची गेली. त्याचे स्नायू शाबूत होते, ताकद होती, वेदना आणि उष्ण-थंड हेही कळत होते. तरीही तो उठून बसू शकत नव्हता, कारण आपले हातपाय कोठे आहेत हेच त्याला कळत नव्हते. अखेर त्याने डोळ्यांना कामाला लावले. पायाकडे पाहायचे, पाऊल योजायचे, टाकायचे, पुन्हा पाहायचे. अशा रीतीने सुमारे दीड वर्षाच्या कष्टांनंतर तो चालू लागला. पण दिवे गेले की तो कोसळत असे. जॉनथन कोल या डॉक्टरांनी १९९१ मध्ये त्याच्यावर एक पुस्तक लिहिले. ताकद असणे आणि हालचाल करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे भान.

मुंबईतील आरंभ

आपल्या महाराष्ट्रात या शास्त्राचा पाया घातला गेला तो पोलिओच्या निमित्ताने. स्वातंत्र्याच्या सुमारास फातिमा इस्माईल या मुंबईच्या कार्यकर्त्या बाईंच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीसाठी उपचार शोधताना, तशीच गरज असलेली किती मुले घरोघरी पडून आहेत, हे त्यांना दिसले. १९४७ साली त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यातूनच पुढे हाजीअली येथे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. १९५२-५३ च्या सुमारास परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा निघाली आणि १९५५ मध्ये हाजीअलीलाच केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

त्या काळी पोलिओच्या उपचारांत जगभर एक वाद चालू होता. पोलिओ झालेला पाय फळ्यांमध्ये किंवा प्लास्टरमध्ये जखडून ठेवावा, असा डॉक्टरांचा रिवाज होता. एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियन परिचारिकेने त्याला विरोध केला. ती लोकरीच्या ओल्या, गरम घड्यांनी पाय शेकी आणि मग मुलाला त्या स्नायूकडे लक्ष द्यायला सांगे. येथे हा स्नायू आहे, तो येथे जोडलेला आहे, तो ओढला की पाऊल असे वर येते, असे समजावून ती प्रथम स्वतःच्या हाताने पाऊल हलवी आणि नंतर मुलाला मनाने त्यात भाग घ्यायला लावी. रोगाच्या कारणाविषयीची तिची उपपत्ती शास्त्राने मान्य केली नाही. परंतु हालचाल पुन्हा शिकावी लागते आणि शिकण्यासाठी त्या अवयवाकडे लक्ष न्यावे लागते, हा तिचा धडा भौतिकोपचाराने कायमचा घेतला. आज पोलिओ आपल्या देशातून गेला आहे. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्या रोगाने शिकविलेली विद्या मात्र अर्धांगवायू, अपघात, संधिवात आणि पाठदुखीच्या रुग्णांच्या कामी येत आहे.

हालचालींचा दर्जा

एखाद्या माणसाचा हात किती अंश वर जातो, हे मोजता येते. पण तो कसा जातो? सहज जातो की झटक्याने? हात उचलताना श्वास कोंडला जातो का? खांदा कानाला भिडतो का? हे प्रश्न दर्जाचे आहेत. स्वीडनमध्ये गेरट्रूड रॉक्सेंडाल या भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी, फ्रेंच शिक्षक झाक ड्रॉप्सी यांच्या विचारांचा आधार घेऊन, शरीरभानाची एक उपचारपद्धती बांधली आणि १९८५ मध्ये तिच्यावर प्रबंध लिहिला. या पद्धतीत अवघड असे काहीच नाही. निजणे, बसणे, उभे राहणे, चालणे, आवाज काढणे, एवढ्याच रोजच्या क्रिया सावकाश आणि लक्षपूर्वक करावयाच्या असतात. तोल, श्वास आणि लक्ष या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हालचालीचा दर्जा सुधारतो, असे तिचे सूत्र आहे. नॉर्वेच्या लिव्ह शेर्व्हेन यांनी हालचालीच्या दर्जाचा पुढे सखोल अभ्यास केला. शरीराची रचना, शरीराच्या आतील क्रिया, मनाची व समाजाची घडण आणि 'मी' असल्याची जाणीव अशा चार अंगांनी हालचालीकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

आपल्याला हे विचार अगदी परके वाटण्याचे कारण नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार आसन शिकविताना विटा, पट्टे आणि दोर वापरीत, ते कोणता भाग कोठे आहे याची जाण शिष्याला यावी म्हणूनच. फरक एवढाच की भौतिकोपचार रोग्याच्या दुखण्यापासून सुरुवात करतो आणि त्याच्या रोजच्या कामापाशी येऊन थांबतो.

एक पाहिलेले उदाहरण

हे सारे मला पुस्तकातून कळण्याआधी घरात दिसले. श्रीरामपूरजवळच्या आमच्या गावी माझ्या थोरल्या आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर एक तरुण फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून तीनदा येऊ लागल्या. पहिल्या दिवशी आत्या म्हणाली, "हा पाय माझा न्हाईच बाई. दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावलाय."

ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मावशी, मग आधी त्याची ओळख करून घेऊ."

त्यांनी आत्याला डोळे मिटायला सांगितले आणि डाव्या पायाचा अंगठा हळूच वर-खाली करून विचारले, "आता वर आहे का खाली?" आत्या अंदाजाने सांगे, आणि बरेचदा चुके. मग खरखरीत टॉवेलने तळपाय घासणे, परातीत हरभरे घालून त्यांत पाय ठेवणे, असे चालले. खाटेच्या कडेला बसवून डाव्या बाजूवर भार द्यायला शिकविले. उभे राहताना सगळा भार उजव्या पायावर जाई, म्हणून ताईंनी उजव्या पायाखाली देवघरातला एक पाट ठेवला. उजवा पाय उंचावर गेल्याने भार आपोआप डावीकडे येऊ लागला. उठण्याचीही रीत त्यांनी शिकविली. पावले मागे घ्यायची, नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल इतके वाकायचे आणि मग उठायचे. "हाताला धरून ओढू नका कुणी," असे त्यांनी घरच्यांना पहिल्याच दिवशी बजावले होते. लुळ्या हाताला ओढले की खांद्याचा सांधा निखळू शकतो, हे त्यामागचे कारण.

चार महिन्यांनी आत्या काठी घेऊन तुळशीपर्यंत जाऊ लागली. अंगठा वर आहे की खाली, हे तिला आता बहुतेक वेळा बरोबर कळते. डावा हात मात्र अजून पूर्ण उघडत नाही. ताईंनी त्या हातात सुपाची एक कड दिली आहे. दोन्ही हातांनी पाखडण्याचे काम तिने जन्मभर केले होते, म्हणून ज्या कामाची शरीराला जुनी ओळख आहे, तेच काम व्यायाम म्हणून निवडले. आजचे संशोधनही हेच सांगते, की निरर्थक हालचालींपेक्षा प्रत्यक्ष कामाचा पुन्हा पुन्हा केलेला सराव अधिक गुणकारी ठरतो.

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीत विचार करून करावे लागते, दुसरीत चुका कमी होत जातात आणि तिसरीत क्रिया आपोआप होते. आत्याच्या पायाने माझ्यासमोर या पायऱ्या चढल्या. भौतिकोपचाराचे काम थोडक्यात असे सांगता येईल : जे चुकीचे अंगवळणी पडले किंवा जे अंगवळणी होते ते हरवले, ते पुन्हा भानावर आणायचे, दुरुस्त करायचे आणि मग पुन्हा अंगवळणी पाडायचे.

फड आणि मार्केट यार्ड

आपला परिसर उसाचा. भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी आले, साखर कारखाने उभे राहिले आणि रेल्वे स्टेशनजवळच्या वस्तीचे श्रीरामपूर झाले. या समृद्धीखाली शेकडो पाठी वाकलेल्या आहेत. या लेखाच्या निमित्ताने मी फडात आणि मार्केट यार्डात काही दिवस केवळ हालचाली पाहत उभा राहिलो.

ऊसतोड कामगार कंबरेतून वाकून बुडख्याशी कोयता मारतो, उठतो, पाचट सोलतो, वाढे छाटतो, पुन्हा वाकतो. त्याच्या जोडीची बाई मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. त्या फळीवरची तिची पावले पाहिली म्हणजे तोल कशास म्हणतात ते कळते. मान ताठ, नजर समोर, पाऊल लहान. हा सारा शरीरभानाचाच आविष्कार होय, आणि तो कोणत्याही शाळेत शिकविलेला नाही. यार्डातील जुने हमालही पोते पाठीला घट्ट चिकटवून घेतात, गुडघ्यांत किंचित वाकतात आणि तुरुतुरु चालतात. ओझे अंगाच्या जितके जवळ, तितका कण्यावरचा भार कमी, हे यंत्रशास्त्राचे तत्त्व ते अनुभवाने जाणतात. नवखा पोऱ्या पोते दूर धरून उचलतो, कंबरेत पिळतो आणि त्याच्या पाठीत चमक भरते.

अल्फ नाखेमसन या स्वीडिश शल्यतज्ज्ञाने १९६० च्या दशकात कण्यातील चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा पुढे वाकून वजन उचलताना तो दाब पुष्कळ वाढतो असे दिसले. यावरून उचलण्याची योग्य रीत शिकविली की पाठदुखी टळेल, असे बरीच वर्षे मानले गेले. परंतु नुसते असे शिक्षण देऊन कामगारांची पाठदुखी फारशी कमी होत नाही, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शरीरभानाने १०० किलोचे पोते हलके होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने वाहून नेण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रात बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने पोत्याचे वजन कमी करण्यासाठी दीर्घ लढा दिला. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना कामाची काही हमी मिळाली. तेव्हा कामगाराला "नीट वाक" एवढेच सांगून भागत नाही. ओझे कमी करणे, विश्रांती देणे आणि दुखले तर कामावरून न काढता उपचार मिळवून देणे, हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे. अन्यथा भौतिकोपचार म्हणजे समाजाचा दोष व्यक्तीच्या पाठीवर लादण्याचे एक साधन होऊन बसेल.

काही सोपे पाठ

विद्यार्थिमित्रांनी पुढील पाठ स्वतः करून पाहावेत. यांत घाई नको, आणि वेदना होईल असे काहीही करू नये.

१) उभे राहणे : पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहावे. भार टाचेवर आहे की चवड्यावर, उजवीकडे की डावीकडे, हे केवळ पाहावे. सावकाश पुढे-मागे डोलून मध्य शोधावा. गुडघे ताठ आवळलेले असतील तर सैल सोडावेत.

२) तोल : भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे. आधी डोळे उघडे ठेवून, मग क्षणभर मिटून. डोळे मिटताच घोटा कसा थरथरू लागतो ते जाणवेल. ती थरथर म्हणजे आपली स्वस्थितिसंवेदना कामाला लागल्याची खूण होय. वृद्धांनी हा प्रयोग डोळे उघडे ठेवून व आधार धरूनच करावा.

३) श्वास : पाठीवर निजून एक हात छातीवर व एक पोटावर ठेवावा. कोणता हात आधी उचलला जातो? पोटावरचा हात सहज वर-खाली होऊ द्यावा. परीक्षेच्या दिवसांत बहुतेकांचा श्वास छातीतच अडकलेला असतो.

४) बसून वाचणे : दर अर्ध्या तासाने उठावे. अमुकच एक बैठक आदर्श आणि बाकीच्या घातक, असे आजचे शास्त्र मानीत नाही. कोणत्याही एकाच स्थितीत फार वेळ राहणे हेच शरीराला जड जाते. मोबाइल पाहताना मान खाली नेण्याऐवजी हात थोडा वर आणावा.

५) उचलणे : पाण्याचा हंडा उचलताना त्याच्या अगदी जवळ जावे, कंबरेऐवजी नितंबांतून व गुडघ्यांतून वाकावे, हंडा अंगाशी घ्यावा आणि वळायचे असल्यास कंबर न पिळता पावले वळवावीत.

एक सूचना आवश्यक आहे. पाठदुखीबरोबर पायातील जोर जाणे, दोन्ही मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास व्यायाम करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. तसेच तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक घडल्यास ते अर्धांगवायूचे लक्षण समजून क्षणाचाही विलंब करू नये. पहिल्या काही तासांत मिळालेल्या उपचारांवर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

समारोप

एकेकाळी या विद्येसाठी मुंबई गाठावी लागे. आज जवळच लोणी येथे प्रवरेच्या संकुलात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, आणि अहिल्यानगरजवळ विळद घाटातही असे महाविद्यालय आहे. तरीही खेड्यात पाय मुरगळला की प्रथम चोळणाऱ्याकडे जातात आणि लकवा झाला की 'आता नशीब' म्हणून खाट धरतात. ही दरी केवळ डॉक्टरांची संख्या वाढवून बुजणार नाही. शरीरही शिकते, वय झाल्यावरही शिकते आणि त्याला शिकवावे लागते, ही समजूत घरोघरी पोहोचली पाहिजे.

कला शाखेचे विद्यार्थी येथे पुष्कळ करू शकतील. आपण भाषेचे आणि समाजाचे विद्यार्थी आहोत. रुग्णाला इंग्रजी तक्त्यातील व्यायाम कळत नाहीत. "सुपाने पाखडता तसा हात फिरवा" हे मात्र चटकन कळते. अशा सूचना आपल्या बोलीत लिहून काढणे, शेजारच्या एखाद्या अर्धांगवायूच्या रुग्णाजवळ बसून त्याचा रोजचा सराव करवून घेणे, फडावरच्या मुला-माणसांची दुखणी नोंदवून आरोग्यकेंद्रापर्यंत पोहोचविणे, ही कामे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातही सहज बसतील. ती या वर्षीच्या हिवाळी शिबिरात घ्यावीत, अशी सूचना करून मी हा लेख पुरा करतो.